ठिपक्याचा पेला

अल मुंतझा, दोहा
१६ जानेवारी १९८१, शुक्रवार

ताई,

मायना काय लिहावा या विचारात बराच वेळ गेला आणि शेवटी एवढाच उरला. ‘तीर्थरूप’ लिहावे तर तू हसशील; ‘सप्रेम सलाम’ लिहावे तर तीन वर्षे पत्र न धाडणाऱ्या बहिणीचे प्रेम तू कशावरून खरे मानावेस? शाळेत पत्रलेखनाला मला पैकीच्या पैकी गुण पडत. ती पत्रे काल्पनिक असत.

काल दुपारी एक स्वप्न पडले. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये समुद्र आला होता. लाटा नव्हत्या. दोह्याचा समुद्र जागेपणीही लाटांच्या फंदात फारसा पडत नाही, बशीत ओतलेल्या दुधासारखा निवत राहतो. त्या पाण्यावर चपला आणि बूट तरंगत होते, आणि प्रत्येक जोडात कोणीतरी बसून गात होते. इतके हळू, की ओठ हललेले दिसावेत आणि शब्द कळू नयेत. तूही एका कोल्हापुरी चपलेत बसली होतीस. मी तुला हाक मारली, ती पाण्याखाली गेली.

चपलांचे कारण सांगते, म्हणजे स्वप्न तुला निरर्थक वाटणार नाही. येथे चर्च नाही. घरात चार माणसांनी प्रार्थना केली तर कोणी आडवे येत नाही, पण दाराबाहेर तीस-चाळीस जोड दिसले की लोक विचारणार, आणि कोणी काही विचारावे हेच बाबांना नको असते. म्हणून आमच्या मंडळीत पादत्राणे आत आणतात आणि न्हाणीघरातल्या टबात ठेवतात. खिडक्या लावून घेतात. एसी मोठा करतात, त्याच्या घरघरीखाली आम्ही गातो. आणि रविवार आम्ही शुक्रवारी पाळतो, कारण सुटी त्याच दिवशी असते. पहिल्या वर्षी मला फार चुकल्यासारखे होई. आता दिवस आपापली नावे सोडून कोठेही वाहत जातात, त्याचे काही वाटत नाही.

केरबा म्हणतात, “माणसांचा बाप्तिस्मा ऐकला हुता, हितं पायताणांचा बी हुतो.” केरबा नेवाशाकडचे, वेल्डर आहेत. उत्तरेला मदिनत अश शमाल म्हणून गाव आहे, तेथे कामगारांच्या खोल्यांत राहतात. दर शुक्रवारी कंपनीच्या पिकअपमध्ये आठ-दहा जणांना घालून घेऊन येतात. गीत तेच धरतात. त्यांचा आवाज दाबूनही दबत नाही, मग बाबा हात खाली करून खूण करतात.

बाबा येथेही मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, म्हणून निवडले गेले आहेत. दीक्षा घेतलेले पाळक येथे नाहीत, म्हणून उपदेशही बाबाच करतात. तो मी लिहिते. दिवसभर कंपनीच्या स्टोअरमध्ये पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यात उभे राहून ते दमतात. बुधवारी जेवता जेवता म्हणतात, “मिनू, या वेळी क्षमेवर लिही.” मी लिहिते. शुक्रवारी तेच शब्द त्यांच्या तोंडून येतात तेव्हा माझे मलाच नवे वाटतात. तो आवाज तुला आठवत असेल. तो ऐकला की मला आजही वाटते, या माणसाच्या हातून अन्याय होणे शक्य नाही.

हे तुला लिहिणे धाडसाचे आहे, याची मला जाणीव आहे. नगरच्या चर्चमध्ये त्या रविवारी तू दोन्ही हात पुढे केले होतेस. विजयराव बौद्ध, तू त्यांच्याशी कचेरीत सह्या करून लग्न केलेस, आणि मंडळीचा नियम तसा होता. बाबांनी प्रभुभोजनाचा पेला तुझ्यासमोरून पुढे नेला. तुझे हात तसेच राहिले. पुढची पाळी माझी होती.

पत्ता मला सुलभामावशीने कळवला. उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

तुझी,
मिनू


अल मुंतझा, दोहा
७ फेब्रुवारी १९८१

ताई,

काल प्रभुभोजन होते. मनुकांच्या वासाने घर अजून गोडसर आहे. पेल्यात घालायला द्राक्षारस येथे मिळत नाही. काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, पातळ फडक्यातून मी रस गाळते. फडके पिळताना बोटे जांभळी होतात आणि दोन दिवस तशीच राहतात.

आजीचा कथलाचा पेला बाबा नगरहून येथे घेऊन आले, हे तुला ठाऊक आहे काय? त्याची कड एका ठिकाणी चेपलेली आहे, तेथे ओठ नेमका बसतो. आजी म्हणे, मिशनची मडम गावात आली तेव्हा आपल्याला धर्म कळलाच नव्हता, पेला कळला होता. आपला महारवाडा आणि पलीकडचा मांगवाडा एकमेकांच्या हातचे पाणी पीत नसत. त्या दिवशी त्या एका पेल्याला दोन्हीकडचे ओठ लागले, मडमेचेही लागले. आजीच्या सासूने घरी येऊन चूळ भरली, आणि दुसऱ्या रविवारी सर्वांच्या आधी जाऊन बसली.

या खेपेचा उपदेश मी त्यावरच लिहिला. बाबांनी तो असा वाचला की हॉलमध्ये बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या. पोपटरावांनी चष्मा पुसला. मग आमेन झाले, आणि पांढऱ्या फडक्याखालून दोन पेले निघाले.

दुसऱ्याची हकीकत सांगायची राहिली. शमालच्या खोल्यांकडे डिसेंबरात काविळीची साथ आल्याचे कळले. पोपटराव हे कंपनीचे इंजिनिअर, पुण्याचे, आपल्याच मंडळीतले. ओल्ड एअरपोर्टला त्यांचा व्हिला आहे आणि बाबांच्या नोकरीच्या कागदावर त्यांची सही लागते. ते सपत्नीक आले. मी चहा करीत होते.

“राजाभाऊ, हायजीनचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही. हॉलला तुमचा हा पेला राहू दे. किचनमधल्या मंडळींना वेगळा ग्लास.”

बाबा म्हणाले, “ते बरं दिसेल का?”

“दिसायसाठी करतोय का आपण? टेम्पररी आहे. साथ गेली की खलास.”

स्वयंपाकघरात कामगार मंडळी बसतात. हे कोणी ठरवलेले नाही. शमालहून येईतो त्यांना उशीर होई, तोवर हॉल भरलेला असे. आता हॉल अर्धा रिकामा असला तरी ते चपला टबात ठेवून सरळ आत जातात आणि ओट्याखाली भिंतीला टेकून बसतात. पाण्याला उतार असावा तसे.

आमच्याकडे सहा स्टीलचे पेले आहेत, लग्नात आईला आलेले. त्यांतला एक मी काढून दिला. तो इतरांत मिसळू नये म्हणून पोपटरावांच्या सौभाग्यवतींनी पर्समधून नखांना लावायचा लाल रंग काढला आणि पेला उपडा करून बुडाला एक ठिपका दिला. वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. फार नाजूकपणे केले सगळे.

केरबांनी तो पहिल्याच खेपेला उलटा करून पाहिला होता. “बरं झालं बाई,” ते मला म्हणाले, “आता आमचा पेला हरवायचा न्हाई.”

“साथ संपेपर्यंतच आहे,” मी म्हणाले.

“कावीळ आमच्यात कुनाला झालीच न्हवती. फोरमनला झालती. आन् फोरमन हाय गोव्याचा क्याथलिक. ग्लास त्याला धाडा.”

सगळे हसले. मीही हसल्यासारखे केले.

आज दुपारी जेवताना मी धीर करून बाबांना म्हटले, “साथ तर गेली.” ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, “मिनू, मंडळी टिकली पाहिजे. पेला एक की दोन, हे नंतरही ठरवता येईल. जूनमध्ये माझे कागद पुन्हा व्हायचे आहेत.” नंतर ताट सरकवून म्हणाले, “कालचा उपदेश चांगला उतरला होता.”

खिडकीबाहेर धुळीचा पिवळा पडदा आहे. समोरची इमारत त्यात विरघळून गेली आहे, फक्त वाळत घातलेले कपडे अधांतरी दिसतात. अशा दिवशी मला वाटते की मी हे सगळे कोठेतरी वाचले आहे आणि पुस्तक मिटले की थांबेल.

मिनू


अल मुंतझा, दोहा
८ मार्च १९८१

ताई,

तुझे पत्र मिळाले. एवढ्या मोठ्या निळ्या कागदावर एकच वाक्य: ‘तू कोणत्या पेल्यातून पितेस?’ बाकीचा कागद मी कितीतरी वेळ पाहत राहिले. बाबांनी तो पाहिला तर काय, ही भीतीही होती. ते पाकीट मी तांदळाच्या डब्यामागे ठेवले आहे.

उत्तर देते, पण आधी ओडेसाबाईंविषयी सांगू दे.

त्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. अमेरिकेच्या, काळ्या वर्णाच्या, दवाखान्यात परिचारिका आहेत. पन्नाशीच्या असाव्यात. जिन्यात भेटल्या की मी भिंतीला चिकटून वाट देत असे, कारण इंग्रजी तोंडात तयार होईतो माणूस निघून जातो. एका शुक्रवारी त्यांनी दार वाजवले. बाबांचा चेहरा उतरला. ओडेसाबाई म्हणाल्या, “खालून ऐकू येतं. इतक्या हळू आवाजात गाणारी माणसं मला ओळखीची वाटली. आत येऊ का?” आणि वाकून आपले बूट हातात घेतले, जणू टबाची रीत त्यांना कोणी आधीच सांगितली होती.

तेव्हापासून त्या येतात. मराठी कळत नाही, पण मिशनरींनी आणलेल्या चाली त्यांना पाठ आहेत. चाल आमची आणि त्यांची एकच, शब्द वेगळे. केरबांनी गीत धरले की त्या डोळे मिटून खालचा स्वर लावतात, आणि मग बाबांनी कितीही हात खाली केला तरी उपयोग होत नाही.

परवाच्या प्रभुभोजनानंतर त्या मला भांडी विसळू लागल्या. स्टीलचा पेला निथळायला उपडा घातला आणि ठिपका पाहिला.

“ही कसली खूण?”

“आतल्या बंधूंसाठी,” मी म्हणाले. इंग्रजीत ते वाक्य फार सोपे निघाले.

त्यांनी नळ बंद केला. मग ओट्याला टेकून त्या हळूहळू बोलत राहिल्या, मला कळावे म्हणून थांबत थांबत. त्यांच्या आजोबांच्या काळी गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्या माणसांना वरच्या माळ्यावर बसवीत. खालच्या सर्वांचे झाले की मग पेला वर जाई. आजोबा आणि आणखी काही जण एके दिवशी माळ्यावरून उतरले, दाराबाहेर गेले आणि त्यांनी फळ्या ठोकून आपले चर्च उभे केले. “त्या चर्चने आम्हांला वाचायला शिकवलं, बाळ. उभं राहायला शिकवलं. माझ्या आईच्या वेळी तिथूनच मोर्चे निघाले.”

“मग?”

“मग आम्हांला मोठी इमारत झाली. आता आमच्या पाळकांची खुर्ची इतकी उंच आहे की त्यांना आमच्या टोप्याच दिसतात. दरवर्षी त्यांच्या सेवेचा वाढदिवस होतो, स्वयंपाक आम्ही बायका करतो, भिंतीवर नावं पुरुषांची लागतात. आमच्या गल्लीतली पोरं पोलिसांनी धरून नेली, तेव्हा ते म्हणाले, प्रार्थना करा, आरडाओरड नको, महापौर रविवारी येणार आहेत.” मग त्या किंचित हसल्या. “आणि उपदेश. प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, आमच्या पाळकांना बसवायला त्याहून जास्त वेळ लागतो.”

मी हसले. त्या मात्र थांबल्या होत्या. पेला हातात फिरवीत म्हणाल्या, “पण हे तुम्हांला कोणी शिकवलं?”

ताई, नगरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी वेगळ्या कपबश्या वळचणीला टांगलेल्या असत, आणि बाबा लहानपणी त्या स्वतः विसळून ठेवीत, हे मला त्यांना सांगायचे होते. आम्ही हे त्या बाजूने शिकलो, म्हणून इतके बिनचूक येते, असे सांगायचे होते. इंग्रजी आले नाही. मराठीतही आले असते की नाही, कोण जाणे.

केरबांनी जाताना गुड फ्रायडेची मुदत घालून सांगितले आहे: “उत्तम शुक्रवारपातुर येऊ. तवर बी ठिपका ऱ्हायला, तर आमी आमच्या खोलीवरच गाऊ. राजाभाऊंना तुमीच सांगा, बाई. त्यांच्या म्होरं माझी जीभ उचलत न्हाई.” मी बाबांना सांगितले. ते म्हणाले, “शमालच्या लोकांना सोयीचंही पडेल ते.”

ते लोक गेले तर मला या घरात बाबांबरोबर राहावे लागेल आणि दर बुधवारी त्यांच्यासाठी लिहावे लागेल, आणि तो आवाज ऐकताना मला काहीच वाटणार नाही. मला भीती आहे ती एवढीच.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: हॉलच्या.

मिनू

ता. क. या पत्रांत केरबांचे नाव किती वेळा येते, ते मोजू नकोस. तुला वाटते तसे काही नाही.


अल मुंतझा, दोहा
१८ एप्रिल १९८१

ताई,

वर्षातून एकाच दिवशी येथे आमचा वार खरा असतो. उत्तम शुक्रवार येथेही शुक्रवारीच येतो. त्या सकाळी मला नेहमी नीट जागे झाल्यासारखे वाटते. कालही वाटले.

बुधवारी मी ओडेसाबाईंकडे गेले होते. नखांचा रंग कशाने जातो, हे विचारायला. त्यांनी काही न विचारता एक बाटली आणि कापसाचा बोळा दिला. उग्र, गोड वास येतो त्या पाण्याला. मी ओट्याशी उभी राहून पेल्याचे बूड पुसले. बोळा गुलाबी झाला आणि पेला आईच्या इतर पाच पेल्यांसारखा झाला. मग मी सहाही धुऊन मांडणीवर पालथे घातले. मागे सरून पाहिले तेव्हा कोणता कोणता, हे मलाही सांगता येईना. माझ्या आयुष्यातील हे पहिले बंड असावे आणि ते इतके शांतपणे झाले, की मला झोप आली.

काल हॉल भरला होता. शमालची मंडळी आत होती. बाबांनी उपदेश वाचला (माझाच, दुःखसहनावर), प्रार्थना केली, फडके उचलले. खाली आजीचा पेला एकटाच होता.

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. पोपटरावांच्या सौभाग्यवती त्यांच्या कानाशी लागल्या, आणि पोपटराव सर्वांच्या पायांतून वाट काढीत स्वयंपाकघरात गेले. मला दारातून दिसत होते. त्यांनी मांडणीवरचा पहिला पेला उचलला, बूड पाहिले, ठेवला. दुसरा उचलला. खाली भिंतीला टेकून बसलेली माणसे माना वर करून पाहत होती. सहावा ठेवून ते पुन्हा पहिल्याकडे वळले, तेव्हा केरबा अदबीने म्हणाले, “पानी पायजे का सायेब? कंचा बी घ्या. समदे सारखेच हायेत.”

कोणीतरी फिसकन हसले. पोपटराव बाहेर आले. त्यांच्या कपाळावर एसीत घाम होता.

“मिनू,” बाबा म्हणाले, “दुसरा पेला?”

मंडळीत मी कधी बोललेली नाही. शब्द माझे असतात, पण ते बाबांच्या तोंडून जातात. मी उभी राहिले. “त्या सहांतलाच एक आहे, बाबा. कोणता, ते आता मला सांगता यायचं नाही.”

पोपटराव हळूच म्हणाले, “राजाभाऊ, आज राहू द्या मग. आणि जून जवळ आलाय, एवढं लक्षात असू द्या.”

एसी घरघरत होता. बाबांनी पेला उचलला. हॉलमध्ये फिरवला. काही जण प्यायले. पोपटरावांच्या सौभाग्यवतींनी पदर तोंडाशी धरून तो पुढे दिला. मग बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि तेथे थांबले. पाय उचलेचना. मी तुला कसे सांगू, तो उंबरा बोटभरही उंच नाही. शेवटी त्यांनी पेला माझ्या हातांत दिला.

मी आत गेले. ओडेसाबाई माझ्या मागोमाग आल्या आणि केरबांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. सर्वांचे झाल्यावर मी प्यायले. तू विचारले होतेस, म्हणून लिहिते.

आपली रीत तुला ठाऊक आहे. उरलेला शेवटचा घोट मंडळीच्या वडिलांनी घ्यायचा, पवित्र केलेले सांडायचे नाही. इतके दिवस हॉलच्या पेल्यातला बाबा घेत, स्वयंपाकघरातल्याचा केरबा. काल पेला एकच होता. त्यात घोटभर रस उरला होता आणि मी तो बाबांसमोर धरला. सगळे पाहत होते. बाबांनी पेला घेतला, मेजावर ठेवला, त्यावर फडके घातले आणि हात वर करून आशीर्वाद म्हटला. सुंदर म्हटला.

मग एकेक जण टबाशी गेला. केरबांनी वाकून चपला घेतल्या. “येतो बाई,” म्हणायच्या ऐवजी ते “जातो” म्हणाले.

दुपारी सारे दोहा झोपते. रस्त्यावर ऊन इतके पांढरे होते की डोळे मिटले तरी ते आत येत होते. मी पडून होते, झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या पाण्यात. पडदा हलला म्हणून पाहिले. बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, ओट्याखाली, केरबांच्या जागी, भिंतीला टेकून. हातात आजीचा पेला होता. ते बराच वेळ कड फिरवीत होते, चेपलेली जागा शोधीत असावेत. मग त्यांनी तो ओठांना लावला आणि मान मागे केली.

मी डोळे मिटून घेतले. ते स्वप्न नव्हते. उठून पाहिले तेव्हा पेला कोरडा होता.

ताई, याला काय म्हणायचे? त्यांनी तो घेतला, हे मला कळले. ज्यांना कळायला हवे ते तेव्हा पिकअपमध्ये बसून उत्तरेला चालले होते.

मिनू


अल मुंतझा, दोहा
२५ एप्रिल १९८१

ताई,

बुधवारी जेवताना बाबा म्हणाले, “मिनू, या वेळी पुनरुत्थानावर लिही.” ईस्टरचा रविवार येथे कामाचा दिवस, म्हणून तो सण आम्ही पुढच्या शुक्रवारी करतो.

मी म्हणाले, “मी लिहिणार नाही, बाबा.”

“बरं वाटत नाही का?”

“गेल्या शुक्रवारी दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात केलंत, ते सगळ्यांसमोर करा. त्याला उपदेश लागत नाही.”

त्यांनी वर पाहिले नाही. ताटात पाणी ओतून हात धुतला, आणि तो हात तसाच पाण्यात ठेवून बसून राहिले. मला वाटले, आता मलाही सोडून पुढे जातील. पण गुरुवारी ते नेहमीसारखे कामावर गेले.

काल सकाळी टबात मोजकेच जोड होते. शमालचे कोणी आले नाही. पोपटराव आले होते, फार आपुलकीने बोलत होते. बाबा उभे राहिले. सवयीने त्यांनी खिशात हात घातला, कागद नव्हता. त्यांनी रिकामा हात बाहेर काढला. मग ते म्हणाले, “आज प्रार्थना इथं नाही. मी शमालला जातोय. ज्यांना यायचं त्यांनी यावं.”

आवाज अगदी साधा होता, दुकानात मीठ मागावे तसा.

“राजाभाऊ,” पोपटराव म्हणाले, “विचार करा. सोमवारी तुमची फाइल माझ्या टेबलावर येते.”

“येऊ दे,” बाबा म्हणाले. टबातून त्यांनी आपले बूट काढले आणि आजीचा पेला टॉवेलमध्ये गुंडाळला.

ओडेसाबाईंची गाडी लांबलचक आहे, बैलगाडीइतकी जुनी वाटते. बाबा मागच्या सीटवर बसू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्या चर्चमध्ये रेव्हरंड मागे बसतात. इथे पुढे बसा आणि पाण्याची बाटली धरा.” मी भाषांतर केले. बाबा पुढे बसले. बाकी कोणी आले नाही.

शमालचा रस्ता म्हणजे रस्ता नसून एक लांबलेली दुपार आहे. दोन्ही बाजूंना काहीच नाही, आणि ते ‘काहीच’ उन्हात पाण्यासारखे हलते. उंट त्या पाण्यात गुडघाभर उभे असल्यासारखे दिसतात, आणि जवळ गेले की त्यांचे पाय कोरडे असतात. मला वाटत होते, आम्ही माझ्या त्या स्वप्नाच्या तळावरून चाललो आहोत. ओडेसाबाई गुणगुणत होत्या. निम्म्या वाटेवर बाबा मागे न पाहता तुझे नाव घेऊन म्हणाले, “शशीला तू लिहितेस.”

“हो.”

“डबा हलवला होता तांदूळ काढताना.” त्यांनी पाण्याची बाटली मांडीवर घेतली. “तिचे हात पुढे होते. पेला माझ्याच हातात होता. नियम मंडळीचा होता, पण हात माझा होता.” आणि पुढे: “तिथं जाऊन काय बोलू, मिनू?”

“मला माहीत नाही, बाबा.”

“लिहून दिलं नाहीस.”

“नाही दिलं.”

कामगारांच्या खोल्या गावाबाहेर आहेत, पत्र्याच्या, रांगेने. कोणत्या खोलीत जायचे ते विचारावे लागले नाही. गाणे रस्त्यापर्यंत येत होते, मोकळ्या आवाजात. दार सताड उघडे होते आणि दाराबाहेर वाळूत चपलांचा ढीग पडला होता, नगरच्या आपल्या चर्चच्या पायऱ्यांवर असे तसा. एकावर एक, उलट्यासुलट्या, कोणी न लपवलेल्या.

गाणे थांबले. केरबा दारात आले. त्यांनी बाबांकडे पाहिले, टॉवेलमधल्या पेल्याकडे पाहिले. “मनुकाचं पानी हाय का त्यात?” ते म्हणाले.

“नाही,” बाबा म्हणाले. “रिकामाच आणलाय.”

“मग चा घालू. हितं चाच हाय.” त्यांनी आत वळून पाहिले. “आमचं पिऊन झाल्यावर मिळंल.”

“चालेल,” बाबा म्हणाले. “शेवटचा घोट माझा असतो.”

आत कोणीतरी सरकून जागा केली. बाबा उंबऱ्याशी खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. गाठ सुटेना. मी वाकले नाही, त्यांना सोडवू दिली. मग त्यांनी बूट काढून त्या ढिगात टाकले, दारापासून दूरच्या कडेला, आणि आत गेले.

जूनमध्ये आम्ही कदाचित परतू. कागद होणार नाहीत, असे बाबा म्हणतात, आणि नगरला जाण्याआधी पुण्याला तुझ्याकडे उतरावे असेही म्हणतात. तुझ्या दाराबाहेर चपला ठेवायला जागा आहे काय, ते कळव.

मिनू